वेताळाचा ‘व्हॅम्पायर’ करणारा साहेब

वेंगुर्ले तालुक्यातील आरवली हे गाव वेतोबाचे. मंदिरात नऊ फुटांहून उंच अशी देवाची उभी मूर्ती आहे. पूर्वी ती फणसाच्या लाकडाची होती, आता पंचधातूची आहे. नवस फेडायला येणारा भाविक केळ्यांचा घड आणतो आणि सोबत चामड्याच्या भल्या मोठ्या वहाणा आणतो. देव रात्री गावाच्या सीमेवरून फिरतो, माणसांची आणि गुराढोरांची राखण करतो आणि या फिरतीत त्याच्या वहाणा झिजतात, अशी इथली श्रद्धा आहे. लग्नकार्य असो, घराचे बांधकाम असो की मुंबईला नोकरीसाठी निघायचे असो, देवाचा कौल घेतल्याशिवाय पाऊल पुढे पडत नाही. वेतोबा म्हणजे वेताळ. भुताखेतांचा हा अधिपती कोकणात आणि गोव्यात गावाचा पहारेकरी होऊन बसला आहे. गोव्यात आमोणे, लोलये, पैंगीण या गावांतही त्याची ठाणी आहेत.

हाच वेताळ इंग्रजी पुस्तकांत शोधू लागलो, तर तो निराळ्याच वेशात समोर येतो. तिथे त्याचे नाव ‘व्हॅम्पायर’ असते. थडग्यातून उठणारे, जिवंत माणसाच्या गळ्याला दात लावून रक्त पिणारे युरोपातील प्रेत, असा या शब्दाचा अर्थ. वेताळाला हे नाव इंग्रजी पुस्तकाच्या मुखपृष्ठावर मिळाले ते 1870 साली, म्हणजे ब्रॅम स्टोकरची ‘ड्रॅक्युला’ ही कादंबरी प्रसिद्ध होण्याच्या 27 वर्षे आधी. ते देणारा माणूस होता रिचर्ड फ्रान्सिस बर्टन: सैनिक, हेर, प्रवासी, बहुभाषाकोविद आणि एकोणिसाव्या शतकातील सर्वांत वादग्रस्त इंग्रजांपैकी एक. ‘ड्रॅक्युला’च्या उगमाचा शोध घेणाऱ्या पुस्तकांत त्याचे नाव वारंवार येते. त्याच्या आयुष्याचा एक धागा आपल्या किनाऱ्यावरून गेला आहे, हे मात्र इकडे फारसे कोणाला ठाऊक नाही.

ऑक्सफर्डहून मुंबईला

बर्टनचा जन्म 19 मार्च 1821 रोजी इंग्लंडच्या दक्षिणेकडील टॉर्की या गावी झाला. वडील लष्करी अधिकारी होते. पण त्यांचे बहुतेक आयुष्य फ्रान्स आणि इटलीत भटकण्यात गेले. त्यामुळे रिचर्डला घर असे मिळाले नाही, मिळाल्या त्या भाषा. फ्रेंच, इटालियन आणि नेपल्सच्या बाजारातील बोली तो मुलांबरोबर खेळता खेळता शिकला. 1840 मध्ये त्याला ऑक्सफर्डच्या ट्रिनिटी कॉलेजात घालण्यात आले. वडिलांची इच्छा त्याने धर्मोपदेशक व्हावे अशी होती. त्याने मात्र तिथे आपल्या मनानेच अरबी शिकायला सुरुवात केली, तलवारबाजीत नाव कमावले आणि 1842 मध्ये, मनाई असतानाही घोड्यांची शर्यत पाहायला गेल्याबद्दल, विद्यापीठातून नाव कापून घेतले.

शिक्षा झालेल्या उनाड मुलाला पाठवायची जागा त्या काळी इंग्लंडमध्ये ठरलेली होती, ती म्हणजे हिंदुस्थान. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई फौजेत त्याची भरती झाली आणि 1842 च्या ऑक्टोबरअखेर तो मुंबईच्या बंदरात उतरला. त्याची पलटण होती अठरावी नेटिव्ह इन्फंट्री आणि मुक्काम होता बडोद्याला.

इतर गोरे अधिकारी शिकारीत आणि पत्त्यांत वेळ घालवत. बर्टन मुन्शी आणि शास्त्र्यांना पगार देऊन दिवसचे दिवस शिकत बसे. हिंदुस्तानीची परीक्षा झाली, गुजरातीची झाली, पाठोपाठ मराठीचीही तो उत्तीर्ण झाला. पुढे सिंधी, फारसी, पंजाबी आल्या. आयुष्याच्या अखेरीस त्याच्या नावावर पंचवीसहून अधिक भाषा जमा होत्या, असे त्याचे चरित्रकार सांगतात. माकडे पाळून त्यांच्या आवाजांचा कोश करण्याचा उद्योगही त्याने केला होता, अशी हकीकत त्याच्या पत्नीने नोंदवून ठेवली आहे.

याच अभ्यासात वेताळाची आणि त्याची गाठ पडली असावी. कंपनीच्या अधिकाऱ्यांसाठी हिंदुस्तानीची जी पाठ्यपुस्तके ठरलेली होती, त्यात ‘बैताल पचीसी’ हे एक प्रमुख पुस्तक होते. कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात लल्लूलाल आणि मजहर अली विला यांनी ब्रज भाषेतील जुन्या पुस्तकावरून ते 1805 च्या सुमारास सिद्ध केले होते. पलटणीतील कित्येक गोऱ्या तरुणांची हिंदुस्थानी वाङ्मयाशी पहिली ओळख झाली ती अशी, झाडावर लोंबकळणाऱ्या एका प्रेताच्या तोंडून.

पतमारीतून गोव्याकडे

1844 मध्ये पलटण सिंधमध्ये गेली. सर चार्ल्स नेपियरने नुकताच तो प्रांत जिंकला होता. बर्टनला पाहणीच्या खात्यात काम मिळाले आणि त्याच्यातला बहुरूपी जागा झाला. अंगाला रंग लावून, केस वाढवून तो मिर्झा अब्दुल्ला नावाचा अर्धा अरब, अर्धा इराणी व्यापारी बने आणि बाजारांत, मशिदींत, लग्नघरांत बसून लोकांच्या गप्पा ऐके. त्याने जमवलेली माहिती नेपियरच्या उपयोगी पडली. पण काही अहवालांमुळे वरिष्ठांच्या मनात त्याच्याविषयी अढी बसली ती कायमची.

पुढे आजारपणाने त्याला गाठले आणि दोन वर्षांची रजा मिळाली. 1847 च्या फेब्रुवारीत त्याने मुंबईहून पतमारी ठरवली आणि तो गोव्याकडे निघाला. तिथून पुढे मलबार आणि निलगिरीचे थंड डोंगर गाठायचे होते. मुंबईहून पणजीला जाणारे शिडाचे जहाज रत्नागिरी, विजयदुर्ग, मालवण, वेंगुर्ले हा किनारा डाव्या हाताला ठेवूनच जाते. सव्वीस वर्षांपूर्वी युरोपात जन्मलेला आणि हिंदुस्थानात पाच भाषांत बोलू शकणारा हा आजारी लेफ्टनंट वेतोबाच्या गावावरून असा समुद्रमार्गे पुढे गेला. तो इथे उतरल्याची नोंद नाही. त्याची नजर लागली होती ती जुन्या गोव्याच्या ओसाड राजवाड्यांकडे.

या प्रवासावर त्याने लिहिलेले ‘गोवा अँड द ब्लू माउंटन्स’ हे पुस्तक 1851 साली निघाले. पोर्तुगीज सत्तेची उतरती कळा, पडकी चर्चेस, मिश्र वस्ती यांवर त्यात खुमासदार, पण पुष्कळदा कुत्सित लेखन आहे. डोळे उघडे, कान तिखट आणि जीभ त्याहून तिखट, हा बर्टनचा विशेष इथेच दिसू लागतो. ज्यांच्यात मिसळायचे त्यांची भाषा मन लावून शिकायची आणि मग त्यांच्याविषयीच तुच्छतेने लिहायचे, हा विरोधाभास त्याच्यापासून शेवटपर्यंत सुटला नाही.

मक्का, हरार आणि नाईल

1849 मध्ये खालावलेली प्रकृती घेऊन तो इंग्लंडला परतला. त्याला जगभर प्रसिद्धी मिळाली ती 1853 मध्ये. मुसलमान यात्रेकरूच्या वेशात त्याने मदिना आणि मक्का ही शहरे गाठली. वेष उघडा पडता तर जीव वाचणे कठीण होते. या यात्रेवरील त्याचा ग्रंथ आजही प्रवासवाङ्मयात मानाने उल्लेखिला जातो.

1855 च्या जानेवारीत तो पूर्व आफ्रिकेतील हरार या बंदिस्त शहरात शिरला. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये बर्बेरा येथे त्याच्या तळावर रात्री हल्ला झाला. एक सहकारी मारला गेला आणि एक भाला बर्टनच्या एका गालातून शिरून दुसऱ्या गालातून बाहेर पडला. तो तसाच तोंडात अडकलेला भाला घेऊन तो किनाऱ्यावरील होडीपर्यंत पोहोचला. गालावरचा तो व्रण पुढे त्याच्या प्रत्येक छायाचित्रात दिसतो.

याच हल्ल्यात जॉन हॅनिंग स्पीक हा तरुण अधिकारीही जखमी झाला होता. नाईल नदीचा उगम शोधायला 1857 मध्ये हे दोघे एकत्र निघाले. फेब्रुवारी 1858 मध्ये ते टांगानिका सरोवराला पोहोचले. बर्टन आजाराने खिळलेला असताना स्पीक एकटाच उत्तरेला गेला, त्याने व्हिक्टोरिया सरोवर पाहिले आणि नाईलचा उगम सापडल्याचे जाहीर केले. बर्टनला ते मान्य नव्हते. दोघांत वितुष्ट आले. 1864 च्या सप्टेंबरात बाथ येथे दोघांचा जाहीर वाद व्हायचा होता. आदल्याच दिवशी शिकारीत स्वतःच्याच बंदुकीची गोळी लागून स्पीक मरण पावला. पुढे स्पीकचे म्हणणे मुळात खरे होते असे ठरले. बर्टनच्या वाट्याला आला तो पराभव आणि कायमचा संशय.

1861 मध्ये त्याने इझाबेल अरुंडेल या कॅथलिक घराण्यातील तरुणीशी विवाह केला. सरकारने त्याला वाणिज्यदूत म्हणून दूरदूरच्या ठिकाणी नेमले: आधी पश्चिम आफ्रिकेतील फर्नांडो पो हे रोगट बेट, मग ब्राझीलमधील सांतोस, 1869 मध्ये दमास्कस. या दूरच्या नेमणुकांच्या काळातच त्याने जुनी ‘बैताल पचीसी’ पुन्हा हाती घेतली.

पैठणच्या राजाची गोष्ट

इथे थोडे मागे जाऊन वेताळकथेचे मूळ पाहायला हवे, कारण ते मराठी मुलखात आहे. सातवाहनांच्या काळात गुणाढ्याने पैशाची भाषेत ‘बृहत्कथा’ रचली, अशी परंपरा आहे. तो ग्रंथ आज उपलब्ध नाही. अकराव्या शतकात काश्मीरमध्ये क्षेमेंद्र आणि सोमदेव या दोन कवींनी त्या परंपरेतील कथा संस्कृतात आणल्या. सोमदेवाच्या ‘कथासरित्सागरा’त वेताळाच्या पंचवीस कथा आहेत. त्यांचा नायक त्रिविक्रमसेन हा गोदावरीच्या तीरावरील प्रतिष्ठान नगरीचा, म्हणजे आपल्या पैठणचा राजा आहे. पुढे लोककथेत त्याचा विक्रमादित्य झाला आणि राजधानी उज्जैनला गेली.

कथेची चौकट वाचकांच्या परिचयाची आहे. एक संन्यासी राजाकडून वचन घेतो आणि स्मशानातील झाडावर लटकणारे प्रेत आणायला त्याला पाठवतो. प्रेतात वेताळ शिरलेला असतो. वाटेत तो गोष्ट सांगतो, शेवटी पेच टाकतो. राजाने उत्तर दिले की पुन्हा झाडावर. ‘चांदोबा’ मासिकाने ही चौकट महाराष्ट्रातील दोन पिढ्यांच्या मनात कोरली आणि 1985 मध्ये दूरदर्शनवरील मालिकेने ती घराघरांत नेली. पण या चौकटीचा शेवट अनेकजण विसरतात. तो संन्यासी राजाचाच बळी देणार असतो आणि राजाला सावध करतो तो वेताळ. या कथेत भीती वाटायला हवी ती साधूची. राजाचा जीव वाचवतो ते भूत.

बर्टनने हा मजकूर आधी 1868 पासून लंडनच्या ‘फ्रेझर्स मॅगझिन’मध्ये लिहिला आणि 1870 साली तो ‘विक्रम अँड द व्हॅम्पायर’ या नावाने पुस्तकरूपाने काढला. अर्नेस्ट ग्रिसे या चित्रकाराची चित्रे त्यात होती. पंचवीसपैकी अकराच कथा त्याने घेतल्या. त्याला भाषांतर म्हणणे कठीण आहे. मूळ कथांच्या सांगाड्यावर त्याने आपल्या मनाने मांस चढवले. राजाच्या सोबतीला धर्मध्वज नावाचा मुलगा दिला आणि वेताळाच्या तोंडी इंग्लंडमधील ढोंगी समाजाला टोमणे मारणारी भाषणे घातली. गोष्टीत गोष्ट गुंफण्याची ही हिंदुस्थानी रीत पुढे अरबांच्या ‘हजार रात्रीं’त आणि इटलीच्या बोकाचिओपर्यंत पोहोचली, असे मत त्याने प्रस्तावनेत मांडले. त्या काळी एका साहेबाने हे ऋण उघडपणे मान्य करणे ही लहान गोष्ट नव्हती.

एका शब्दाने काय केले

मग त्याने वेताळाला व्हॅम्पायर का म्हटले? हा शब्द इंग्रजीत रुळला तो 1732 मध्ये, सर्बियातील खेड्यांत थडगी उकरून प्रेते जाळल्याच्या बातम्या वृत्तपत्रांत आल्या तेव्हा. 1819 साली जॉन पॉलिडोरीने ‘द व्हॅम्पायर’ ही गोष्ट लिहिली आणि रक्तपिपासू उमरावाची कल्पना लोकप्रिय झाली. पुढे 1840 च्या दशकात पेनीला मिळणाऱ्या भयकथांनी ती घरोघर पोहोचवली. बर्टनच्या वाचकाला ‘वेताळ’ हा शब्द अपरिचित होता. ‘व्हॅम्पायर’ म्हटले की पुस्तक उचलले जाणार, हे त्याने ओळखले.

गंमत अशी, की त्याच्या पुस्तकातील वेताळ कोणाचेही रक्त पीत नाही. तो झाडावरून मोठ्या वटवाघळासारखा उलटा लोंबकळतो, बरगड्या दिसणारा, थंडगार, शेळीच्या शेपटीसारखी शेपटी हलवणारा. आणि त्याच्या अंगात रक्तच नसावे, असे बर्टनचे वर्णन आहे. तो बोलतो फार, चेष्टा करतो, शहाणपण शिकवतो. मुखपृष्ठावरचे नाव आणि आतला प्राणी यांचा मेळ बसत नाही.

बर्टनच्या बाजूने एवढे म्हणता येईल, की आपल्या जुन्या वाङ्मयातील सगळेच वेताळ सज्जन नाहीत. संस्कृत काव्यांतील स्मशानवर्णनांत मांस खाणारी, आतड्यांच्या माळा घालणारी भुते आहेत. पण त्या भुतांच्या गर्दीवर हुकूम चालवणारा म्हणूनच वेताळ गावाला हवा असतो. चोरांच्या वाटा माहीत असलेल्या माणसालाच जागल्या नेमावे, तशी ही योजना आहे. कोकणी माणसाच्या भूतसृष्टीत देवचार वेगळा, मुंजा वेगळा, समंध, खवीस आणि हडळ वेगळी. प्रत्येकाची जागा, वेळ आणि उतारा ठरलेला. ए. एम. टी. जॅक्सनने जमवलेल्या सामग्रीवरून आर. ई. एन्थोव्हेनने 1915 साली कोकणच्या लोकसमजुतींवर ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात हा पसारा पाहायला मिळतो. हा जॅक्सन म्हणजे 1909 मध्ये नाशिकला अनंत कान्हेरे यांच्या गोळीला बळी पडलेला कलेक्टर.

बर्टनच्या पुढील भाषांतरकारांनी वेगळा मार्ग धरला. 1880 च्या दशकात ‘कथासरित्सागर’ इंग्रजीत आणणाऱ्या सी. एच. टॉनीने ‘वेताळ’ हा शब्द तसाच ठेवला. अमेरिकेतील आर्थर रायडरने 1917 मध्ये या कथांचे भाषांतर करताना ‘गॉब्लिन’ हा सौम्य शब्द वापरला. तरीही लोकांच्या लक्षात राहिला तो बर्टनचाच शब्द. इंग्रजीतील व्हॅम्पायरविषयक कोश आणि इतिहास आजही हिंदुस्थानच्या पानावर वेताळाला बसवतात.

स्टोकरला दिसलेला दात

बर्टन आणि ‘ड्रॅक्युला’ यांचा संबंध केवळ एका शब्दापुरता नाही. ब्रॅम स्टोकर हा डब्लिनचा तरुण 1878 च्या ऑगस्टमध्ये बर्टनला प्रथम भेटला. प्रसिद्ध नट हेन्री आयर्विंग याच्याबरोबर बर्टन डब्लिनला आला होता. त्याच वर्षी स्टोकर आयर्विंगच्या लायसियम नाट्यगृहाचा व्यवस्थापक झाला आणि लंडनमध्ये भोजनाच्या निमित्ताने बर्टनच्या आणखी भेटी झाल्या.

1906 साली लिहिलेल्या आयर्विंगच्या आठवणींत स्टोकरने बर्टनवर स्वतंत्र प्रकरण दिले आहे. पहिल्या भेटीत त्याच्यावर छाप पडली ती बर्टनच्या काळसर, करारी आणि निर्दय वाटणाऱ्या चेहऱ्याची. बोलताना बर्टनचा वरचा ओठ उचलला जाई आणि सुळा खंजिरासारखा चमके, ही गोष्ट स्टोकरने लिहून ठेवली आहे. ‘ड्रॅक्युला’ वाचलेल्या कोणालाही हे वाचून त्या कादंबरीतील सरदाराची आठवण होईल. म्हणूनच बर्टन हाच ड्रॅक्युलाचा मूळ नमुना, असे काहींनी लिहिले.

याबाबत संशोधकांनी काय शोधले हे पाहण्यासारखे आहे. 1972 मध्ये रेमंड मॅकनॅली आणि राडू फ्लोरेस्कू यांचे ‘इन सर्च ऑफ ड्रॅक्युला’ हे पुस्तक आले आणि पंधराव्या शतकातील वालाकियाचा क्रूर राजा व्लाद हाच खरा ड्रॅक्युला, ही समजूत जगभर पसरली. रुमानियात पर्यटकांची रीघ लागली. स्टोकरने कादंबरीसाठी केलेली हस्तलिखित टिपणे त्याच्या विधवेने 1913 मध्ये लिलावात विकली होती. ती फिलाडेल्फियाच्या रोझेनबाख संग्रहालयात आहेत, हे 1970 च्या दशकात अभ्यासकांच्या ध्यानात आले. एलिझाबेथ मिलर यांनी 2000 साली ‘ड्रॅक्युला: सेन्स अँड नॉनसेन्स’ या पुस्तकात अनेक रूढ समजुती तपासून खोडून काढल्या आणि 2008 मध्ये रॉबर्ट एटीन-बिसांग यांच्यासह ती टिपणेच छापली.

ही टिपणे 1890 च्या मार्चमध्ये सुरू होतात. सुरुवातीला सरदाराचे नाव ‘व्हॅम्पिर’ असे आहे. त्याच उन्हाळ्यात व्हिटबी या बंदरगावच्या वाचनालयात स्टोकरने विल्यम विल्किन्सनचे वालाकियावरील 1820 चे पुस्तक वाचले. त्यातील एका तळटीपेत ड्रॅक्युला म्हणजे सैतान असा अर्थ दिला होता. स्टोकरने नाव बदलले. व्लादच्या क्रौर्याचा, सुळावर देण्याचा उल्लेख टिपणांत नाही. ट्रान्सिल्व्हानियातील समजुती एमिली जेरार्डच्या लेखावरून घेतल्या आहेत. त्याने वाचलेल्या पुस्तकांच्या यादीत बर्टनचे ‘विक्रम अँड द व्हॅम्पायर’ मात्र नाही.

म्हणजे वेताळापासून ड्रॅक्युला निघाला, असे ठामपणे सांगण्यास आधार नाही. आपल्या मातीतल्या गोष्टीचे नाते जगप्रसिद्ध कादंबरीशी जोडण्याचा मोह कितीही झाला, तरी पुराव्यापुढे तो आवरला पाहिजे. स्टोकर बर्टनला ओळखत होता, त्याच्या चेहऱ्याने भारावला होता आणि पूर्वेकडील भुतांचे ‘व्हॅम्पायर’ असे नामकरण करणारे पुस्तक त्या काळी लंडनच्या वाचकांच्या हाती होते. एवढे निश्चित आहे.

नावे कोणाची राहिली

1872 मध्ये बर्टनची बदली ऑस्ट्रियाच्या ताब्यातील त्रिएस्त या बंदरात झाली आणि उरलेली अठरा वर्षे त्याने तिथेच काढली. 1876 मध्ये पत्नीला घेऊन तो पुन्हा हिंदुस्थानात आला. मुंबई, हैदराबाद आणि तरुणपणी पाहिलेला गोवा त्याने तिला दाखवला. 1886 मध्ये राणीने त्याला ‘सर’ केले.

अखेरच्या वर्षांत त्याने पूर्वेकडील ग्रंथ इंग्रजीत आणण्याचा सपाटा लावला. 1883 साली ‘कामसूत्र’ छापले गेले. ते बर्टनचे भाषांतर म्हणून जगभर खपले. पण संस्कृतावरून प्रत्यक्ष भाषांतराचे काम मुंबईत पंडित भगवानलाल इंद्रजी आणि शिवराम परशुराम भिडे यांनी केले होते. बर्टनचा मित्र आणि मुंबई इलाख्यातील मुलकी अधिकारी आर्बथनॉट याने ते करवून घेतले. मराठी वाचकांपैकी तरी किती जणांना भिडे हे नाव ठाऊक आहे? वेताळाचे नाव बदलले गेले, भिड्यांचे गळून गेले.

1885 पासून ‘अरेबियन नाइट्स’चे सोळा खंड निघाले. सहा हजार गिनी खर्च झाला आणि सोळा हजार हाती आले. आयुष्यभर गंभीर ग्रंथ लिहून जे मिळाले नाही ते या एका पुस्तकाने दिले, याची खंत त्याला होती. 20 ऑक्टोबर 1890 रोजी त्रिएस्त येथे हृदयविकाराने त्याचे निधन झाले. तो 69 वर्षांचा होता. शेवटच्या काळात तो ‘सुगंधी उद्यान’ या अरबी कामशास्त्रीय ग्रंथाच्या नव्या भाषांतरावर काम करीत होता. त्याच्या मृत्यूनंतर इझाबेलने ते हस्तलिखित जाळून टाकले. पतीच्या आत्म्याला आणि कीर्तीला त्यापासून वाचवावे, ही तिची भावना. कित्येक अभ्यासकांनी तिला त्याबद्दल आजवर क्षमा केलेली नाही.

‘विक्रम अँड द व्हॅम्पायर’ची आवृत्ती मात्र तिने प्रस्तावना लिहून 1893 मध्ये पुन्हा काढली. लंडनजवळ मॉर्टलेक येथे तिने पतीसाठी अरबी तंबूच्या आकाराचे दगडी थडगे बांधले. 1896 मध्ये तीही तिथेच विसावली. मागच्या बाजूला शिडी आणि काच आहे; तिथून आत डोकावले की दोन शवपेट्या दिसतात. पुढच्याच वर्षी, 1897 च्या मे महिन्यात ‘ड्रॅक्युला’ प्रसिद्ध झाली.

उधारी आणि परतफेड

ड्रॅक्युलाच्या वंशजांनी पुढे मराठीतही प्रवेश केला. स्टीफन किंगच्या कादंबरीवर बेतलेली नारायण धारप यांची ‘लुचाई’ वाचून अनेकांची झोप उडाली. त्या रक्तपिपासू प्राण्याला मराठीत वेताळ म्हणण्याची गरज धारपांना वाटली नाही, हे लक्षात घेण्यासारखे आहे. उलट इंद्रजाल कॉमिक्स मराठीत आली तेव्हा जंगलाची राखण करणाऱ्या मुखवटाधारी ‘फँटम’ला आपल्याकडे नाव मिळाले ते वेताळाचे. रात्री जागून दुर्बळांचे रक्षण करणारा तो वेताळ, हा अर्थ मराठी संपादकाला आणि मराठी मुलांना समजावून सांगावा लागला नाही. बर्टनने ज्या जागी शब्द चुकीचा बसवला, त्या जागी नाव अज्ञात असलेल्या कुणा अनुवादकाने तो अचूक बसवला होता.

बर्टनला वेताळ कळला नव्हता, असे म्हणणे अन्यायाचे होईल. त्याच्या पुस्तकातला वेताळ चतुर आहे, निर्भय आहे आणि अखेर राजाच्या बाजूचा आहे. चुकले ते नाव. पण परक्या भाषेत गेलेल्या माणसाची आणि देवाचीही ओळख नावानेच होत असते. सीमेवर पहारा देणाऱ्या देवाची गणना दीडशे वर्षे रक्त पिणाऱ्यांत होत राहिली, ती कोणाच्या द्वेषामुळे नव्हे, तर पुस्तक खपावे म्हणून निवडलेल्या एका सोयीच्या शब्दामुळे. आज आपल्या लोकदेवतांवर इंग्रजीत लिहिणारे आपल्यातलेच आहेत. वेताळाला वेताळ म्हणणे, आणि तो कोण हे चार शब्दांत नीट सांगणे, एवढे त्यांच्या हाती नक्कीच आहे.